मुद्देमालातला पाय

त्या वेळी तिथे आम्ही एवढे जण होतो. मी, वय असेल अठरा-एकोणीस. खापर गावाच्या वरच्या डोंगरातली एक डोकरी, म्हणजे म्हातारी. आम्हा दोघींवर दिवसभर पहारा करायला ठेवलेली गावातली एक मुसलमान विधवा, तिला सगळे खाला म्हणायचे. दाराशी हवालदार. आठवड्यातून एकदा येणारा सरकारी दवाखान्याचा डॉक्टर. आणि भिंतीपलीकडच्या खोलीत, कुलपात, त्या डोकरीचा डावा पाय.

पाय लाकडी होता. पण तोही तिथे होता, म्हणून मोजला.

मी रनाळ्याची. हे नात लिहून घेते आहे. मी बोलते आमच्या बोलीत, ती लिहिते मराठीत. म्हणते, आजी, लोकांना कळलं पाहिजे. बघा, 'कळलं' असं तिने लिहिलं. मी 'कयनं' म्हणाले होते. आमच्या तोंडात तो ळ नाहीच. डोळ्याला आम्ही डोया म्हणतो, काळ्याला काया म्हणतो, पोळीला पोयी. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच अडलं होतं.

तुरुंगात का गेले ते लपवत नाही. नवरा पाटलाकडे सालदार होता. घरात मोहाच्या फुलांचं मडकं सापडलं, आंबवायला ठेवलेलं. शिपायाने विचारलं, कोणाचं? सालदार तुरुंगात गेला तर वर्षाचं कामच जातं. बाई गेली तर घरची चूल थंड, एवढंच. मी म्हटलं, माझं. दीड महिन्याची शिक्षा झाली. नवऱ्याने मान खाली घातली ती मी गाडीत बसेपर्यंत वर केली नाही. त्याच्यावर राग नव्हता माझा. आजही नाही.

बायांची कोठडी त्या वेळी तालुक्याच्या कचेरीमागे होती, म्हणून डोंगरातल्या बायाही तिथेच आणायचे. एक चौक, मुरूम टाकलेला. एका कोपऱ्यात पाण्याचा रांजण, पार समोरच्या कोपऱ्यात संडास. कोठडीतून तिथपर्यंत माझी चाळीस पावलं. कोठडीत एक दळायचं जातं. आमची सक्तमजुरी म्हणजे बंदोबस्ताच्या शिपायांसाठी ज्वारी दळायची.

मी गेले तेव्हा डोकरी जात्याशी बसली होती. मला वाटलं, बुटकी बाई आहे. पाठ सरळ, हात सागाच्या फांदीसारखे. दळताना खुंटा मागे-पुढे जायचा, पण तिचं डोकं हलायचं नाही. मग ती पाण्याला निघाली. दोन हात पुढे टेकले, उजवा पाय ओढला, आणि डावा गुडघा मुरमावर. गुडघ्याखाली वीतभर मांस, त्यापुढे काही नाही. अशी ती चौकातून गेली, लोटा दातात धरून. परत येताना लोट्यात पाणी होतं आणि सांडलेलं नव्हतं.

मी जागेवरच उभी राहिले. माझे दोन्ही पाय धड, आणि मी कालपासून नशिबाला रडत होते.

दरवर्षी डोंगरातल्या बाया कापूस वेचायला आमच्या सपाटीवर यायच्या, त्यांच्याकडून मला एक शब्द ठाऊक होता. आईला त्या याहा म्हणतात. मी म्हटलं, "याहा, तुना पाय कोठे गया?"

तिने भिंतीकडे बोट केलं. तीही कापसाला येऊन आमची बोली थोडी शिकलेली. "तठे शे. कुलूपमा."

मला वाटलं, डोकं फिरलं हिचं. खाला दाराशी बसून पान लावत होती, ती हसली.

"येडी नहीं है वो. सच बोलती. पाँव जमा है उसका. लाख की मोहर लगाके, चिठ्ठी बाँधके. मुद्देमाल है."

"पाय मुद्देमाल?"

"तेरा मटका मुद्देमाल, उसका पाँव मुद्देमाल. सरकार के घर में सब चीज मिलेगी."

हळूहळू, दळता दळता, सगळं समजलं. डोकरी तरुण असताना नवऱ्याबरोबर ठेकेदाराच्या कुपात, म्हणजे जंगलतोडीच्या जागी, कामाला होती. सागाचा ओंडका उतारावरून घरंगळला आणि तिच्या पायावर आला. पाय गेला. बरं झाल्यावर नवऱ्याने तिला सागाचाच पाय कोरून दिला. सांबराच्या कातड्याचा पट्टा, वर खोबणीत सावरीचा कापूस. त्या पायावर ती वीस वर्षं डोंगर चढली-उतरली, शेत केलं, लग्नात नाचली. मग नवरा मेला. मागच्या वर्षी जंगलचा नवा गार्ड आला, त्याने कोंबडी मागितली, हिने दिली नाही. त्याने घर पाहिलं, काही सापडलं नाही. मग हिच्याकडे पाहिलं. सागाचं लाकूड, परवाना नाही. कापणारा मेलेला, म्हणून माल जिच्या अंगावर, गुन्हा तिचा.

हे सांगताना ती मध्येच हसायची. म्हणायची, "सागनी पाय लिन्हा, तवय कोनी पकडनं नही त्याले." सागाने पाय घेतला तेव्हा त्याला कोणी पकडलं नाही.

मी हवालदाराला विचारलं होतं एकदा, पाय द्या ना तिला. तो म्हणाला, "बसून दळायचं असतं. दळायला पाय कशाला लागतो?"

आता दुखण्याचं सांगते. मुरमावर घासून घासून तिचा तो गुडघ्याखालचा खुंट फुटला होता. लुगड्याची चिंधी बांधून ठेवायची, दाखवायची नाही. पण दळताना मध्येच तिचा हात थांबायचा, डोळे मिटायची, ओठ आत घ्यायची, मग पुन्हा खुंटा फिरवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मला वास आला. मी म्हटलं, "याहा, काय व्हई ऱ्हायनं?" ती म्हणाली, "कय." एवढंच.

कय म्हणजे कळ. साधं दुखणं नाही हो. आतून उठते, मांडीत चढते, डोळ्यापुढे काळं होतं, ती.

डॉक्टर आला त्या दिवशी खाला उशिरा यायची होती. डॉक्टर घाटावरचा, नवीन बदलून आलेला, हवालदारही तिकडचाच. तो यायच्या वेळी आम्हाला आत घालून कुलूप लावायचे; डॉक्टर गजांच्या बाहेर उभा राहायचा. बायांच्या अंगाकडे पाहायचं नाही म्हणून वहीकडे पाहायचा. बरा माणूस होता, पण घाईत.

"काय तक्रार?"

डोकरीने चिंधीवर लुगडं ओढलं. मी पुढे झाले. "साहेब, डोकरीना पायमा कय शे."

"हो, तेच विचारतोय. पायात काय आहे?"

"कय शे, साहेब."

"अगं, मी तुला विचारायचं का तू मला? पायात काय! पायात हाडं असतात. तुझी तक्रार सांग."

"नही साहेब. कय! कय!" मी जोरात म्हटलं, हात मांडीवर आपटून.

हवालदार हसायला लागला. "बहिरी दिसते, साहेब. जे विचाराल तेच परत विचारते."

डॉक्टरही हसला जरा. "दोघी बऱ्या दिसतायत." हवालदार म्हणाला, "मग लिहा साहेब, तक्रार नाही." आणि लिहिलं. काय चुकलं तेच मला समजलं नाही.

खाला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "हाय रे नसीब! तू बोली कय, वो सुना काय."

ती गेली हवालदाराकडे. परत आली तेव्हा तोंड उतरलेलं. तो म्हणाला होता, डॉक्टरने कागदावर लिहिलं, तक्रार नाही. कागदावर नाही ते दुखत नाही. आणि कैद्यांची वकिली करायची असेल तर उद्यापासून घरी बस. खालाच्या घरात पाच तोंडं. ती तरी काय करणार?

डॉक्टर पुन्हा येईपर्यंत आठ दिवस काढायचे होते. मी रांजणाचं पाणी आणून डोकरीला द्यायला लागले. तिने घेतलं नाही पहिल्यांदा. म्हणाली, मी जाते. मी ऐकलं नाही. संडासला मात्र ती स्वतःच जायची, हातांवर. एक दिवस चिंधी सोडली तेव्हा मी पाहिलं. ते इथे लिहायला नको. एवढं सांगते की त्यात जीव होते, हलत होते. डोकरीने बोटाने एकेक काढला आणि भिंतीशी ठेवला, तांदूळ निवडावे तसा. मग पुन्हा दळायला बसली. मी पदर तोंडात कोंबला होता. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू दय ना, आंडेर. दुपार व्हई गयी." तू दळ ना, पोरी.

मला भीती एकच. मांडी काळी पडायला लागली होती. कळ तशीच वर चढत गेली तर पाय परत मिळून काय करायचं? तो लावायला गुडघाच राहणार नव्हता. आणि कदाचित डोकरीच राहणार नव्हती.

मी खालाला म्हटलं, यावेळी 'दुखतं' म्हणते, ते त्याला समजेल. खाला म्हणाली, "दुखतं तो सब बोलते. पीसना टालने को. दुखतं बोली के एक सफेद पुडी मिलेगी, और चला जाएगा." मग पान चावता चावता म्हणाली, "तू मदरसे गई थी ना?"

शाळेत मी दोन इयत्ता गेलेली. मास्तर असेच घाटावरचे. ते म्हणायचे, बाळ म्हण. मी म्हणायचे, बाय. छडी. बाळ! बाय! पुन्हा छडी. माझी जीभ तिथे वळलीच नाही कधी. पण ळ काढायला मला फार आवडायचा. जात्याच्या दोन तळ्या शेजारी शेजारी मांडाव्या तसा तो दिसतो. पाटीभर ळ काढायचे मी. मास्तर म्हणायचे, हाताला येतो आणि तोंडाला येत नाही, कसली पोर आहे!

ते आठवलं आणि मी जात्याकडे पाहिलं.

डॉक्टरच्या दिवशी सकाळी मी दळलेलं पीठ सुपात भरलं नाही. गजांपाशी फरशीवर ओतलं, हाताने पसरलं. पीठ सांडलं तर त्या दिवशीची भाकर बंद, असा तिथला नियम. खालाने पाहिलं. ती उठली, आमच्याकडे पाठ केली, आणि चौकातल्या कावळ्याला हाकलत बसली. कावळा नव्हता तिथे.

मी बोटाने लिहिलं. क लिहिला. मग ळ. दुसरी तळी जरा मोठी झाली.

हवालदार आधी आला. "पीठ सांडलंस! ए, पीठ सांडलं हिने!" बुटाचं टोक गजांतून आत घालून ते पुसायला निघाला. मी त्याचा बूट धरला. सरकारी माणसाचा पाय धरला मी, दुसरं काही सुचलंच नाही. तेवढ्यात डॉक्टर आला.

"काय गडबड आहे?"

मी बोलले नाही. बोट दाखवलं. त्याने खाली पाहिलं. वाकला. वाचलं.

"कळ?" तो म्हणाला. त्याच्या तोंडातून ळ कसा गोल बाहेर आला, मी ऐकतच राहिले.

"हां साहेब. कय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पिठाकडे. मग डोकरीकडे. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, कानापर्यंत लाल झाला. "अरे देवा," तो म्हणाला. "कय. मागच्या वेळी तू कळ म्हणत होतीस." आणि हवालदाराला म्हणाला, "कुलूप काढा."

तो आत आला. पिठात गुडघे टेकून बसला, कोरी विजार घालून. चिंधी स्वतः सोडली. डोकरी मागे सरकली तेव्हा म्हणाला, "आई, बसा, मी डॉक्टर आहे." दोन तास होता. जांभळ्या पाण्याने धुतलं, चिमट्याने साफ केलं, टिंचर लावलं. टिंचर लावताना डोकरीने जात्याचा खुंटा धरून ठेवला, बस. हूं की चूं नाही. डॉक्टर हात धुताना म्हणाला, "मी पुरुष बेशुद्ध पडलेले पाहिलेत याला." मग विचारलं, "पण इतकं घासलं कसं? या हातांवर का चालतात? कुबडी नाही?"

हवालदार म्हणाला, "पाय आहे, साहेब. मुद्देमालात आहे."

"कोणाचा पाय?"

"हिचाच."

"मग तिला द्या."

"देता येत नाही, साहेब. त्याच्यावर तिचाच गुन्हा आहे."

डॉक्टरने हे दोनदा विचारून घेतलं. हसेल असं मला वाटलं, पण हसला नाही. तिथेच बसून चिठ्ठी लिहिली. हवालदाराने ती मोठ्याने वाचली, त्याला वाटलं चेष्टा आहे. औषध: लाकडी पाय, एक. जखम भरल्यावर रोज. सकाळी लावणे, संध्याकाळी काढणे. औषध बंद करू नये.

"साहेब, पाय औषध कसा होईल?"

"मी डॉक्टर आहे की तुम्ही?"

मला त्या दिवशी भाकर मिळाली नाही. नियम तो नियम. डोकरीने तिची अर्धी दिली, मी घेतली.

डॉक्टर मग एक दिवसाआड यायचा. मांडीचा काळा रंग आधी थांबला, मग उतरला. वीस-बावीस दिवस लागले. आणि एका सकाळी हवालदाराने भिंतीपलीकडचं कुलूप काढलं आणि पाय आणून जात्याजवळ ठेवला, जमा-परत असा अंगठा घेऊन. रोज संध्याकाळी तो परत कुलपात जायचा होता.

मी पाय पहिल्यांदा बघितला. लाकूड हाताने घासून घासून तुपासारखं गुळगुळीत. गुडघ्याच्या बाजूला लाल लाखेची मोहर, चिठ्ठी लोंबत होती. आणि खाली पाच बोटं कोरलेली. नखांसकट. कोण बघणार होतं ती? करंगळी वाकडी होती. मी डोकरीच्या उजव्या पायाकडे पाहिलं. तीही करंगळी तशीच वाकडी. माणसाने बायकोचा राहिलेला पाय समोर ठेवून गेलेला पाय कोरला होता.

डोकरीने पट्टा बांधला, भिंतीला हात लावला आणि उठली. उठली, आणि उठतच राहिली. बुटकी नव्हतीच ती! मी महिनाभर तिला बसलेली आणि रांगतानाच पाहिलेली. ती खालापेक्षा उंच, माझ्यापेक्षा उंच, हवालदारापेक्षा उंच. कोठडीच्या दारातून जाताना वाकली. मग चौकात गेली, खट, खट, खट, रांजणापर्यंत, आणि लोटा हातात धरून परत आली. खाला म्हणाली, "या अल्ला." हवालदाराने टोपी नीट केली. मला पाहून डोकरी म्हणाली, "काय देखी ऱ्हायनी?" मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं त्यानंतर, पूर पाहिला, प्लेग पाहिला, सहा लेकरांतली दोन जाताना पाहिली. पण तसं माणूस उभं राहताना पुन्हा पाहिलं नाही.

माझी शिक्षा आधी संपली. तिचे अजून महिन्यावर दिवस होते. जाताना मी हवालदाराला विचारलं, ती सुटेल तेव्हा पाय?

"सुटताना जमा. माल सरकारचा."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी कैद्याला. सुटला की कैदी कुठे राहिला?"

डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "मी पुन्हा लिहीन." मग म्हणाला, "मी इथे असलो तर." बदलीचं त्या लोकांचं काही खरं नसतं.

डोकरीने मला दारापर्यंत सोडलं, पायावर. माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्यासाठी हात वर करावा लागला नाही तिला. म्हणाली, "कापूसले इसू." कापसाला येईन.

आली नाही. दरवर्षी वेचणीला डोंगरातल्या बाया आल्या की मी विचारायचे, एक उंच डोकरी, डावा पाय सागाचा, करंगळी वाकडी. कोणी म्हणायची, होळीला नाचताना पाहिली. कोणी म्हणायची, हातावर चालणारी एक होती, ती मेली. दोन्ही दुसऱ्याच असतील. कचेरीत एकदा विचारायला गेले, तर शिपायाने दारातूनच परत पाठवलं. मग म्हातारपण आलं.

आता तुम्ही जे कोणी वाचताय, तुमच्यापैकी कोणाचं कचेरीत येणं-जाणं असेल, जुन्या सामानाची खोली कोणाला उघडता येत असेल, तर एकदा आत बघा. कोपऱ्यात, लाकडांच्या मागे. गुडघ्यावर लाल लाख असेल. असला तर तो तिथे ठेवू नका, डोंगरात खापरच्या वर कोणाला तरी नेऊन द्या. आणि नसला, तर मला तेवढा निरोप पाठवा, की नाही म्हणून.